गंजलेला बोल्ट आणि गळिताची घाई



गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या वर्कशॉपपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॅक्टर जुना, ट्रॉली त्याहून जुनी आणि पाट्याच्या यू-बोल्टचा नट काही केल्या हलत नाही. मग "मारा घण", "लावा गॅस" सुरू होते. बोल्ट तुटतो आणि एका दिवसाच्या कामाला चार दिवस लागतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. आमचे स्पष्ट मत असे की, गंजलेल्या बोल्टला जोर नव्हे, वेळ द्यावा लागतो. आणि तो वेळ आपल्याजवळ पावसाळ्यातच असतो.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून नट-बोल्टच्या आट्यांत तो ठासून बसतो. आपल्या ट्रॉलीला तर उसाचा रस, चिखल आणि खत तिन्ही लागतात. म्युरिएट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडने गंज आणखी झपाट्याने वाढतो. खत वाहिल्यावर ट्रॉली धुवायची तसदी किती जण घेतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

बोल्ट सोडवायची रीत सोपी आहे. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करावेत. मग गंज सोडवणारे पातळ तेल संध्याकाळी सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे, असे दोन-तीन दिवस करावे. नटाला हातोडीने चोहोबाजूंनी हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत उतरते. पाना बरोबर मापाचा, रिंग किंवा बॉक्सचाच घ्यावा. सरकता पाना नटाचे कोपरे खातो. नट आधी किंचित आवळून पाहावा, मग सोडावा. अर्धा फेरा सुटला की पाव फेरा मागे घ्यावा, पुन्हा तेल द्यावे.

एवढ्यानेही हलला नाही, तर गॅस. तोही तेल पुसून, आणि ज्योत नटावर, बोल्टवर नव्हे. नट तापून फुगला की पकड सुटते. पण चाकावर टायर असताना रिमला किंवा चाकाच्या नटांना ज्योत मुळीच लावू नये. तापलेला टायर बॉम्बसारखा फुटतो आणि त्यात माणसे दगावतात. डिझेल टाकी आणि हायड्रॉलिकचा पाइप यांच्यापासूनही ज्योत लांबच हवी.

लालभडक तापलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. त्याची ताकद गेलेली असते. नवा घेताना डोक्यावरचा आकडा पाहावा. 8.8 चा बोल्ट काढून त्या जागी बिनआकड्याचा स्वस्त बोल्ट घालणे ही काटकसर नव्हे. बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. अपवाद चाकाच्या नटांचा. कंपनीच्या पुस्तकात सांगितले नसेल तर ते कोरडेच ठेवावेत, कारण तेलकट आट्यांवर तोच जोर जास्त ताण देतो. चाक बसवल्यावर पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा तपासावेत.

काही जण म्हणतील, "एवढी कटकट कशाला? नटाला वेल्डिंगचा टाका मारला की झालं, चालतंय की!" चालते, पण पुढच्या दुरुस्तीपर्यंतच. त्या वेळी टाक्याबरोबर सगळा भागच कापावा लागतो.

हा प्रश्न एकट्या ट्रॉलीवाल्याचा नाही. ट्रॉली बंद पडली की तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटले की त्या सभासदाचे नुकसान. उतारा घटला की सर्वांचेच, कारण एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. आणि रात्री भरल्या ट्रॉलीचे चाक निखळले, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव कोणत्या बिलातून भरून देणार?

म्हणून आमची सूचना अशी. श्रावण-भाद्रपदात प्रत्येक वाहनमालकाने आपली ट्रॉली एकदा खोलावी. कारखान्यानेही प्रत्येक गट ऑफिसात चांगल्या पान्यांचा एक संच सभासदांसाठी ठेवावा. ज्याच्याकडे संच नाही, तोच घण उचलतो. खर्च फार नाही, आणि हंगामातला एक दिवस वाचला तरी तो वसूल होतो. संचालक मंडळाने याचा विचार करावा आणि सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय काढावा, ही विनंती.