फ्लूची लस आणि इतर सर्दी-खोकला : समज आणि हिशोब

पावसाळा स्थिरावला की बाजारपेठेतील पेढ्यांवर आणि घराघरांत खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. अशा वेळी अनेक एकत्र कुटुंबांत एक प्रसंग हमखास घडतो. घरातील वडीलधाऱ्यांनी मे महिन्यात फ्लूची लस घेतलेली असते आणि श्रावणात त्यांना सर्दी-तापाने गाठलेले असते. लगेच निष्कर्ष निघतो, ‘लस घेतली म्हणूनच हे आजारपण आले.’ पुढच्या वर्षी आजोबा लस नाकारतात आणि मुले-सुनाही आग्रह धरीत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा दमा असलेल्या माणसाच्या बाबतीत हा निर्णय साधा नसतो. म्हणून या निष्कर्षात तथ्य किती, हे तपासणे आवश्यक आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्दी-खोकला निर्माण करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. फ्लूची लस त्यांपैकी केवळ इन्फ्लुएन्झा या विषाणूसाठी असते. टोचून दिल्या जाणाऱ्या लशीतील विषाणू मृत असतो. त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. हात दुखणे, एक-दोन दिवस कणकण वाटणे, एवढेच सामान्यतः होते. तेव्हा श्रावणातील ती सर्दी बहुधा निराळ्याच विषाणूची असते.

मग लशीचा इतर विषाणूंवर काही परिणाम होतो की नाही? या प्रश्नाचे मूळ जुने आहे. 1957 मध्ये लंडन येथे अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी इंटरफेरॉन या द्रव्याचा शोध लावला. एका विषाणूचा स्पर्श झालेल्या पेशी हे द्रव्य सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी दुसऱ्या विषाणूलाही काही काळ दाद देत नाहीत. 2009 मध्ये स्वाइन फ्लूची साथ युरोपात पोहोचली, तेव्हा फ्रान्स आणि स्वीडनमधील संशोधकांना असे दिसले की, शरद ऋतूतील साध्या सर्दीच्या रायनोव्हायरसने त्या साथीची वाढ काही आठवडे रोखून धरली असावी. एका पाहुण्याने ओसरी अडवली की दुसऱ्याला दारातच थांबावे लागते, तसा हा प्रकार.

यातूनच एक शंका उद्भवली. फ्लू होऊन गेल्यावर इतर विषाणूंपासून जे तात्पुरते संरक्षण मिळते, त्याला लस घेणारा माणूस मुकतो काय? हाँगकाँगमध्ये 2008-09 साली 115 मुलांवर एक चाचणी झाली. काहींना लस व काहींना औषधविरहित इंजेक्शन दिले गेले. 2012 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या मुलांमध्ये फ्लूव्यतिरिक्त इतर विषाणूंचा संसर्ग सुमारे चौपट आढळला. मात्र दोन्ही गटांतील श्वसनविकारांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. शिवाय मुलांची संख्या इतकी लहान होती की, दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी गुणोत्तर बदलावे.

पुढे मोठ्या अभ्यासांनी या शंकेला दुजोरा दिला नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. 2020 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यातील रुग्णांचा एक अभ्यास आला. एकंदरीत लशीमुळे इतर विषाणू वाढतात असे त्यात दिसले नाही. परंतु जुन्या प्रकारच्या कोरोनाविषाणूंचे प्रमाण लस घेतलेल्यांत किंचित अधिक दिसले. नमुने 2017-18 सालचे, म्हणजे कोविडपूर्व काळातले होते. तरीही ‘फ्लूच्या लशीने कोविड होतो’ असा संदेश समाजमाध्यमांतून सर्वत्र फिरला. त्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी आपल्याकडील सात हंगामांची माहिती तपासून या हिशोबातील चूक दाखवून दिली.

ती चूक व्यापाऱ्याला चटकन उमगेल अशी आहे. कल्पना करावी की, लस न घेतलेल्या हजार माणसांत 40 जणांना फ्लू आणि 60 जणांना इतर विषाणूंचा संसर्ग झाला. एकूण आजारी 100. लस घेतलेल्या हजारांत फ्लूचे 20 आणि इतर 60. एकूण आजारी 80. आता केवळ आजारी माणसांकडेच पाहिले, तर इतर विषाणूंचा वाटा पहिल्या गटात 60 टक्के आणि दुसऱ्यात 75 टक्के भरतो. वरकरणी तो वाढला. प्रत्यक्षात मात्र इतर विषाणूंचे रुग्ण तेवढेच राहिले आणि फ्लूचे निम्म्यावर आले. एका मालाची विक्री घटली म्हणजे दुसऱ्याची वाढली असे नव्हे. टक्केवारी आणि रक्कम यांची गल्लत झाली की ताळेबंद फसतो.

याच्या नेमकी उलट शक्यताही पुढे आली आहे. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील रॅडबाउड विद्यापीठात मिहाई नेटेआ यांच्या गटाने ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ या संकल्पनेवर काम केले आहे. बीसीजीसारखी लस शरीराच्या जन्मजात संरक्षक पेशींना अधिक सावध करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 2021 मध्ये त्यांनी दाखवले की, तेथील रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांत फ्लूची लस घेतलेल्यांना कोविड तुलनेने कमी झाला. तथापि स्वतःहून लस घेणारी माणसे एरवीही अधिक काळजी घेणारी असू शकतात. त्यामुळे हा लाभ जमेच्या बाजूस आताच लिहिणे घाईचे ठरेल.

तात्पर्य असे की, इतर विषाणूंबाबत लशीचा तोटा सिद्ध नाही आणि फायदाही पक्का नाही. निश्चित आहे ती मूळ गोष्ट. ज्या वर्षी लस आणि फिरता विषाणू यांचा मेळ बसतो, त्या वर्षी डॉक्टरकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका साधारणपणे 40 ते 60 टक्क्यांनी घटतो. वृद्धांमध्ये फ्लूच्या पाठोपाठ येणारा न्यूमोनिया अनेकदा प्राणावर बेततो, हे पाहता हे संरक्षण लहान नव्हे.

भारताच्या बहुतांश भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. चातुर्मासाचा, पर्युषणाचा आणि प्रवचनासाठी भरलेल्या सभागृहांचा काळही तोच. लशीचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ती पावसाळ्यापूर्वी घेणे इष्ट.

एक प्रश्न जैन कुटुंबांत दबक्या आवाजात विचारला जातो, तो मोकळेपणाने मांडलेला बरा. फ्लूच्या बहुतेक लशी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार होतात. अंड्यांविना बनणाऱ्या लशीही आहेत; पण त्यांसाठी प्राण्यांच्या किंवा कीटकांच्या पेशी वापरल्या जातात. ज्याला हा विचार महत्त्वाचा वाटतो, त्याने डॉक्टरांना लशीचा प्रकार विचारावा, गुरुजनांशी बोलावे आणि मग ठरवावे. विवेकाने दिलेला नकार आणि ऐकीव गोष्टीवरून दिलेला नकार यांत अंतर आहे.

आजोबांना श्रावणात सर्दी झाली, तर तिचा दोष लशीच्या खात्यावर टाकू नये. त्यांना विश्रांती द्यावी, खोकताना तोंडावर रुमाल धरण्याचा आणि हात धुण्याचा नियम सर्वांनी पाळावा, आणि धाप लागल्यास किंवा ताप न उतरल्यास डॉक्टरांकडे न्यावे. पुढच्या मे महिन्यात लशीचा विषय निघेल, तेव्हा हा हिशोब घरात पुन्हा एकदा वाचून दाखवावा.