मिलिंद आणि नागसेन, एकाच आवारात

जयपूरच्या तिलक नगरात मी सध्या खोली घेऊन राहते. राजस्थान विद्यापीठ जवळ आहे, पीएच.डी.च्या कामाला बरं पडतं. एकदा झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते, तर मागून आवाज आला, "अरे, माझी मार्कशीट पण दे त्यांच्याकडे." कितीतरी दिवसांनी मराठी कानावर पडली. वळून पाहिलं तर तीन पोरं, अठरा-एकोणीस वर्षांची. एक सांगलीकडचा, दोघे मराठवाड्यातले. इतक्या लांब काय शिकता, असं विचारल्यावर एक म्हणाला, "ताई, लौकिक आणि धार्मिक दोन्ही चालू आहे."

ही मुलं शेजारच्या बापू नगरातल्या पंडित टोडरमल स्मारकाच्या जैन महाविद्यालयात शिकतात. दहावीनंतर यायचं, पाच वर्षं राहायचं. पहिली दोन वर्षं उपाध्याय, म्हणजे बारावीच्या बरोबरीचं. पुढची तीन वर्षं शास्त्री, म्हणजे बी.ए.च्या बरोबरीचं. राहण्याजेवणाची सोय संस्थेची. बाहेर पडताना धर्मग्रंथ वाचता येतात आणि हातात पदवीही असते, त्यामुळे बी.एड. करता येतं, स्पर्धा परीक्षेला बसता येतं. या मुलांना दोन्हींतून एक निवडावं लागलेलं नाही.

त्यांचं मला कौतुकच वाटलं. पण खोलीवर येईपर्यंत डोक्यात माझी मामेबहीण होती. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, यंदा बारावी झाली. तिला पाली शिकायची आहे. नागपूरच्या नागलोकात देशभरातली मुलंमुली राहून धम्माचा अभ्यास करतात, हे तिने कुणाकडून तरी ऐकलं आणि घरी विषय काढला. मामा म्हणाले, "पाली शिकून पोट भरतं का? आणि वर्ष गेलं तर गॅप कोण भरून देणार?"

मामांना धम्माचं वावडं नाही. घरात दर पौर्णिमेला वंदना होते. पण वर्ष मोडलं की पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते, हे त्यांना पाठ आहे. ज्या घरातली पहिली पदवी अजून यायची आहे, त्या घरात हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. बहिणीची ओढही चुकीची नाही. आजी गेली तेव्हा विधी लावायला आलेले बौद्धाचार्य पुस्तिकेतून वाचत होते. दिवसभर नोकरी करून, स्वतःच्या खर्चाने गावोगाव जाणारा तो माणूस. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या अंगणात बसलेल्या आम्हा पन्नास जणांपैकी एकालाही त्या ओळींचा शब्दशः अर्थ सांगता आला नसता. मीही त्यातलीच, समाजशास्त्रात एम.ए. झालेली.

म्हणून "बारावीनंतर लौकिक शिक्षण की धार्मिक" हा प्रश्न कुणाच्या श्रद्धेचा किंवा नियोजनाचा म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही कुणाला एकत्र करता येतं आणि कुणाला त्यातलं एक सोडावं लागतं, हे त्या समाजासाठी शिडी कुणी बांधली आहे यावर ठरतं.

राजस्थानात संस्कृत शिक्षणासाठी सरकारचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशिका, उपाध्याय, शास्त्री, आचार्य अशा पायऱ्या शाळेपासून एम.ए.पर्यंत जातात आणि वरच्या पायऱ्यांना विद्यापीठाचा शिक्का आहे. जैन समाजाने स्वतःचा पैसा घातला, वसतिगृह बांधलं आणि आपला अभ्यास या तयार शिडीला जोडला. दुसरीकडे, ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदवी व पदव्युत्तर पातळीच्या पदव्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात बसत नाहीत म्हणून अमान्य केल्या. शास्त्रीच्या मागे विद्यापीठ उभं आहे, कामिलच्या मागे नुसतं मंडळ होतं. कायद्याच्या भाषेत हा तांत्रिक फरक आहे. पण कोणत्या ज्ञानामागे विद्यापीठ उभं राहतं आणि कोणत्या नाही, यात जात आणि सत्ता पाहायलाच हवी.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, आपण विवेकवादी, आपल्याला धार्मिक शिक्षण हवंच कशाला? नवे भटजी तयार करायचे आहेत का? ही भीती खोटी नाही. पण बाबासाहेबांनी तिच्यावरचा उपायही सांगितला आहे. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी लिहिलं की पौरोहित्य बंद झालं तर उत्तमच, पण ते राहणारच असेल तर जन्माने मिळता कामा नये. परीक्षा असावी, सनद असावी. म्हणजे धर्माचं ज्ञान कुळातून काढून परीक्षेत आणा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत नाकारली गेली म्हणून फारसी घ्यावी लागलेला हा विद्यार्थी पुढे स्वतः पालीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार करत बसला. भाषा दुसऱ्याच्या हातात राहिली की अर्थही त्याच्याच हातात राहतो, हे त्यांनी भोगलं होतं.

आणि त्यांनी शिडीचाही विचार केला होता. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज. धर्मांतराच्या सहा वर्षं आधी सुरू झालेल्या या कॉलेजला पुढे नाव मिळालं मिलिंद आणि आवाराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन उत्तर देणारा भिक्खू. कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. विज्ञान, कायदा, अर्थशास्त्र शिकणारी मुलं नागसेनाच्या आवारात वावरतील, ही कल्पना मला आजच्या आपल्या भांडणापेक्षा खूप पुढची वाटते.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचे ढोल आपण ऐकले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. पालीसाठी गावात किती ढोल वाजले? मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत, बारावीलाही पाली विषय घेता येतो. पण तालुक्याच्या कॉलेजात शिक्षकाचं पदच नसेल तर मुलगी पाली घेणार कुठून?

तेव्हा मागण्या साध्या आहेत. जिथे आपली वस्ती दाट आहे तिथल्या कॉलेजांत पाली हा पदवीचा विषय हवा आणि त्याला कायम शिक्षक हवा. निवासी धम्म अभ्यासक्रमांना विद्यापीठाची मान्यता आणि श्रेयांक हवेत, म्हणजे शिष्यवृत्ती लागू होण्याची वाट मोकळी होईल आणि गॅपचा धाक जाईल. आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. विहाराच्या कमानीला, मूर्तीला आपण वर्गणी काढतो, तशी दोन मुलींच्या वसतिगृहाच्या खर्चालाही काढावी. जन्माने पुरोहित होऊ द्यायचा नसेल तर शिकून तयार होणाऱ्यांचा खर्च कुणीतरी उचलावाच लागतो.

बहिणीला मी फोनवर सांगितलं, पदवी सोडू नकोस. पाली असलेलं कॉलेज शोध, निवासी अभ्यासक्रम पदवीनंतर कर. सल्ला देतानाच जाणवलं की बापू नगरच्या त्या मुलांना असं "नंतर" कुणी सांगितलेलं नाही.

ती माझं ऐकून गप्प बसली नाही. त्याच रात्री तिने मामांना विचारलं, "आजीच्या वेळी म्हटलेल्या गाथांचा अर्थ तुम्हाला कळला होता का?" मामा बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. नागपुरात पाली घेऊन बी.ए. कुठे होतं, मुलींच्या वसतिगृहाचे फॉर्म कधी निघतात, आणि वसतिगृह नाही मिळालं तर महिन्याला खर्च किती येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी शोधून दिली. तिसऱ्याचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही, ते आपल्या सगळ्यांना मिळून द्यायचं आहे.

जय भीम.