झाडाला आरसा लावू नका!

मंडळी, या वीकेन्डला जरा भांडायचंय. निम्मं तुमच्याशी, निम्मं स्वतःशी.

तर झालं असं. ऑफिसात ट्रॅडिशनल डे होता. कँटीनमधल्या बॅनरसाठी "एक मस्त वारली झाड" काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गिंप उघडलं. मागे गेरूचा रंग, वर पांढरा ब्रश, अर्धं झाड काढलं, लेअर डुप्लिकेट केला, फ्लिप हॉरिझॉन्टल, मर्ज. पंचवीस मिनिटांत काम फत्ते! सगळ्यांनी वाहवा केली. टीममधला एकजण डहाणूकडचा आहे. तो बॅनरकडे बघून एवढंच म्हणाला, "छान आहे रे. पण असं झाड असतं का कुठे?"

आधी रागच आला. अरे, सजावटीचं झाड आहे, बॉटनीचा पेपर नाही! पण रात्री जिव्या सोमा मशे यांची चित्रं नीट झूम करून पाहिली आणि खजील झालो. फांदीवर बारीक बारीक रेघांची पानं, आणि एकही फांदी दुसरीची कॉपी नाही.

आपल्याला वाटतं, 'गावाकडचं' दिसायला थोडा ओबडधोबडपणा पुरे. म्हणून आपण ब्रशला जिटर लावतो. इथेच घोळ आहे. वारलीतली रेघ रँडम नसते. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. काडी बुडवली की रेघ ठळक सुरू होते, पीठ संपत आलं की विरते. त्या अनियमितपणाला कारण असतं. जिटरला नसतं. कारण असलेला फरक आणि नुसता नॉइज, हे वेगळं असतं एवढं तरी इंजिनिअरला कळायला हवं!

कुणी म्हणेल, नक्षीत सिमेट्री असतेच की. असते ना. लग्नाच्या चौकाची किनार भौमितिकच असते. पण किनार वेगळी, झाड वेगळं.

दुसरीकडे "कॉम्प्युटरवर लोककला म्हणजे पाप" म्हणणारेही आहेत. तेही मला पटत नाही. ही चित्रं मुळात लग्नघरात सवाष्णी भिंतीवर काढायच्या. मशे 1970 च्या दशकात ती कागदावर, कॅनव्हासवर घेऊन आले, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माध्यम बदलल्याने कला बाटत नाही. आळसाने बाटते.

तेव्हा काढायचंच असेल तर सिमेट्री बंद करा. 'स्मूथ स्ट्रोक' पण बंद, हात थरथरला तर थरथरू दे. ब्रशला फेड लावा, म्हणजे रेघ पिठासारखी संपेल. खोड आधी, मग एकेक फांदी. कॉपी-पेस्ट नाही. मी असं दुसरं झाड काढलं, त्याला दोन रविवार गेले. डावीकडे झुकलंय, पण झाड वाटतं.

आणि आता खरा मुद्दा. बॅनरच्या छपाईला पैसे होते, समोशांना होते, डीजेला होते. चित्राला शून्य, कारण "आपला हा आहे ना, फुकट काढेल". आणि मी काढलं! वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. डहाणू-जव्हारकडे आजही या कलेवर घर चालवणारे लोक आहेत. आपण त्यांचं नाव वापरतो, त्यांचा गेरू वापरतो, आणि पैसे फ्लेक्सवाल्याला देतो. माझं पहिलं झाड वाईट होतं हा गुन्हा लहान. ते 'वारली' म्हणून लावलं, हा मोठा.

पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये 'चित्रकाराचं मानधन' ही एक ओळ टाका, अशी मेल मी अॅडमिनला केलीये. अजून उत्तर नाही. सोमवारी परत विचारणार आहे.

असो. तुमच्या ऑफिसात पण विचारून बघा.