मार्च एंडातला उपवासकाळ

ख्रिस्ती पंचांगातला उपवासकाळ बहुतेक वर्षी मार्च एंडच्या तोंडावर येतो. बँकेतल्या माणसाने रजेचं नाव काढायची सोय नसते, टार्गेटचे तक्ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात आणि घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याच्याहून जास्त आईबाप धास्तावलेले असतात. अशात राखेचा बुधवार उजाडतो. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या, वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या जाळून केलेली राख फादर कपाळावर लावतात. माती होतास, मातीच होणार, एवढी आठवण देतात. वसईत सकाळची मिस्सा आटोपून त्याच कपाळाने चर्चगेट लोकल पकडणारे लोक आहेत. त्या दिवशीचं शुभवर्तमान उपवासाचं प्रदर्शन करू नका असं बजावतं. तरीही राखेसकट सेल्फी स्टेटसला चढतोच. असो.

या काळाचे दिवस प्रत्यक्षात 46. त्यातले सहा रविवार वगळले की 40 उरतात, आणि हा आकडा येशूच्या अरण्यवासातून आला आहे. त्या अरण्यवासाच्या लगेच आधी काय घडलं, ते यंदा ध्यानात घ्यावं. यार्देन नदीत योहानाच्या हातून येशूचा बाप्तिस्मा झाला आणि तू माझा लाडका पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे, अशा अर्थाची वाणी झाली. तोवर त्याने एकही प्रवचन दिलं नव्हतं, कुणा आजाऱ्याला बरं केलं नव्हतं, शिष्यही जमवले नव्हते. नाझरेथचा सुतार एवढीच काय ती ओळख. कामाला हात घालण्याआधीच शाबासकी मिळाली होती!

पुढे अरण्यात सैतान नेमका याच शाबासकीवर घाव घालतो. पुत्र असशील तर दगडांच्या भाकरी करून दाखव. मंदिराच्या टोकावरून उडी मारून दाखव. येशूला भूक लागली होती, ती त्याने लपवली नाही. पण स्वतःला सिद्ध करून दाखवण्याचा तो डाव त्याने साफ नाकारला.

आपली धावपळ भाकरीपुरती असती तर तक्रार नव्हती. पण पोट भरल्यावरही ती थांबत नाही, कारण पुढची सगळी दौड ‘करून दाखव’साठी असते. पॅकेज किती, फ्लॅट किती बीएचकेचा, मुलगी कॅनडाला कधी जाणार? ख्रिस्ती माणसाचं समाधान उगवतं ते कृपेतून: माझी किंमत माझ्या अप्रेझलच्या आधीच ठरली आहे, या भरवशातून. तो असला की काम चोख होतं आणि रात्री झोपही लागते.

मात्र समाधानाचं कीर्तन बहुधा भरल्या पोटाचा माणूस उपाशी माणसापुढे करतो, म्हणून इथे सावध राहायला हवं. हक्काची मजुरी मागणाऱ्याला ‘देवाने दिलंय त्यात सुख मान’ म्हणणं हा निव्वळ लबाडपणा आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, हे याकोबाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं आहे. समाधानावर अधिकाराने बोलावं ते पौलाने. तंबू करून पोट भरणाऱ्या या माणसाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते कैदेतून. विपुलता आणि टंचाई दोन्हींत राहायला मी शिकलो, असं तो कळवतो आणि त्याच पत्रात एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीबद्दल आभारही मानतो. मदत घ्यायला त्याला कमीपणा वाटला नाही. तुरुंगात राहून हे शिकलेला माणूस आपल्याला उपदेश करतो, तेव्हा तो ऐकावासा वाटतो.

आपल्या मराठी मंडळीत रेव्हरंड टिळक आहेत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनची बांधिलकी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. पैशाबाबत टिळक किती बेफिकीर होते आणि त्यामुळे संसार कसा ओढावा लागला, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितलं आहे. ते वाचताना आपणही हसतो, पण एक प्रश्न उरतोच: घरातल्या एकाच्या निःस्पृहतेचं बिल दुसऱ्याला तर भरावं लागत नाही ना? ज्यांना विरक्ती फार आवडते त्यांनी आधी घरच्यांना विचारावं.

चर्चही या शर्यतीपासून अलिप्त राहिलेलं नाही. विश्वास ठेवा, गाडी-बंगला येईल, असं मंचावरून सांगणारे प्रचारक गर्दी खेचतात. ज्याला डोकं टेकायला जागा नव्हती त्याच्या नावाने हे चालतं, याची कुणाला लाज वाटत नाही. पहिल्या कम्युनियनच्या पार्टीसाठी कर्ज काढणारी कुटुंबं आपल्याही आसपास आहेत.

तेव्हा यंदा मांसमच्छी सोडण्याबरोबर एवढं करावं. उपवासाच्या गणतीत न येणारे ते सहा रविवार खरोखर मोकळे ठेवावेत. हाताखाली माणसं असलेल्यांनी शनिवारी रात्रीपासून ग्रुपवर टार्गेट टाकू नये. पार्टीचा खर्च निम्मा करून उरलेली रक्कम कुणाच्या तरी फीसाठी द्यावी. आणि परीक्षा देऊन घरी आलेल्या पोराला, पेपर कसा गेला हे विचारण्याआधी जेवायला वाढावं.