भिंतीपलीकडचा शेजार

दरवर्षी ८ एप्रिल रोजी आंतरराष्ट्रीय रोमा दिन पाळला जातो. १९७१ साली याच दिवशी लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली आणि निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर तांबडे चक्र असलेला ध्वज या समाजाने आपला मानला. त्या चक्राचा अर्थ भारतीय मनाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे निघालेला हा समाज आजही पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतो. चंडीगड येथे १९७३ साली रोमा अध्ययनाची संस्था उभी करणारे वीर राजेंद्र ऋषी यांनी हे विस्मृत नाते जुळवण्यासाठी आयुष्य वेचले. २०१६ साली दिल्लीत भरलेल्या रोमा परिषदेत तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हणून जवळ केले.

हजार वर्षांनी भाऊ सापडल्यावर ऊर भरून येणे स्वाभाविकच आहे. परंतु तो भाऊ कोणत्या गल्लीत राहतो आणि शेजारी त्याला कसे वागवतात, याची विचारपूस मात्र या अभिमानात क्वचितच असते. रोमा म्हटले की घोडागाडी, शेकोटी आणि व्हायोलिन हे चित्रपटांनी रंगवलेले चित्र डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती अशी की युरोपातील सुमारे एक कोटी रोमांपैकी बहुतेक कित्येक पिढ्यांपासून स्थिरावलेले आहेत आणि त्यांतील फार मोठा वर्ग शहरांच्या कडेला राहतो. आता प्रश्न भटकंतीचा उरलेला नाही, तो शेजाराचा आहे.

झेक प्रजासत्ताकातील उस्ती नाद लाबेम या शहराने हा प्रश्न ऑक्टोबर १९९९ मध्ये भिंत बांधून सोडवला. मातिच्नी नावाच्या रस्त्यावर एका बाजूस रोमांच्या इमारती होत्या, दुसऱ्या बाजूस इतरांची घरे. गोंगाट आणि कचऱ्याच्या तक्रारी आल्या आणि नगरपालिकेने मधोमध भिंत उभी केली. जगभर छी-थू झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पाडण्यात आली. मात्र सरकारने दिलेल्या पैशातून तक्रारदार शेजाऱ्यांची घरे विकत घेण्यात आली आणि ते निघून गेले. भिंत गेली, तिच्याबरोबर शेजारही गेला! दोन्ही बाजूंना एकत्र बसवून बोलते करण्याचा मार्ग दीर्घ आणि कटकटीचा असतो, पैसा मोजणे त्या मानाने सोपे.

स्लोव्हाकियातील कोशित्से शहराची कथा याहून बोलकी आहे. तेथील लुनिक नऊ ही वसाहत मुळात सैनिक, पोलीस आणि रोमा अशा मिश्र वस्तीसाठी योजलेली होती. हळूहळू इतर लोक निघून गेले. पुढे १९९५ साली भाडे थकवणाऱ्या रोमा कुटुंबांना तेथेच हलवण्याचे शहराने ठरवले आणि एक गजबजलेली, दारिद्र्याने ग्रासलेली वस्ती तयार झाली. ती आपोआप बनली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सभागृहात ठराव करून ती बनवली गेली. कोशित्से २०१३ साली ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ म्हणून मिरवत होते. त्याच वर्षी लुनिक नऊ आणि शेजारची वसाहत यांच्यामध्ये तेथेही एक भिंत उभी राहिली.

युरोपीय संघाने २०२० साली आखलेल्या दहा वर्षांच्या धोरणात समता आणि समावेश यांच्या जोडीला ‘सहभाग’ हेही उद्दिष्ट ठेवले आहे. शब्द योग्य आहे. समावेश दुसऱ्याने करून घ्यावयाचा असतो, सहभागात स्वतः उभे राहावे लागते. स्कोपिये शहरातील शूतो ओरिझारी हे त्याचे उदाहरण. १९६३ च्या भूकंपानंतर वाढलेली ही वस्ती १९९६ साली स्वतंत्र नगरपालिका झाली. बहुसंख्य रोमा, महापौर रोमा आणि कारभारात रोमानी भाषेलाही स्थान. तेथे दारिद्र्य नाही असे मुळीच नाही. बेकारी आहे, मोडकी घरे आहेत. पण गटार तुंबले तर जाब विचारण्यासाठी आपलाच निवडून दिलेला माणूस समोर असतो. दयेच्या शंभर योजनांत ही गोष्ट सापडत नाही.

येथे महाराष्ट्राला नजर चुकवता येणार नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेल्यावरही अंगावर वागवावा लागला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाची आठवण अजून पुरती बुजलेली नाही. रोमांच्या व्यथेने कळवळणाऱ्या सुशिक्षित घरांना आपल्याच शहराबाहेर पाल ठोकून राहणारा पारधी किंवा डोंबारी शेजारी म्हणून चालेल काय? आणि शहर सुंदर करावयाचे म्हणून पाल उठवताना पालावरच्या माणसाला विचारण्याची रीत आपल्याकडे तरी कोठे आहे?

इस्तंबूलनेही विचारले नाही. तेथील सुलुकुले ही शतकानुशतकांची रोमा वस्ती, गाण्या-बजावण्यासाठी प्रसिद्ध. जुन्या भागांच्या नूतनीकरणाचा कायदा २००५ साली झाला आणि पुढील चार-पाच वर्षांत ही वस्ती जमीनदोस्त झाली. अनेक कुटुंबांना सुमारे ४० किलोमीटर दूर ताशोलुक येथे सदनिका देण्यात आल्या. परंतु तेथे ना वादनाला गिऱ्हाईक, ना फेरीच्या धंद्याला रस्ता, आणि डोक्यावर हप्ते. बहुतेक कुटुंबे सदनिका सोडून जुन्या वस्तीच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत परतली. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली होती. २०१२ साली न्यायालयाने प्रकल्प रद्द ठरवला, तेव्हा सुलुकुलेच्या जागेवर नवी घरे बांधून तयार होती.