सुरयाची अंडी आणि वाळूचा लिलाव

सणसवाडीच्या कारखान्यांपासून काही किलोमीटरवर कोरेगावाशी भीमा वाहते. हीच नदी पुढे रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठेचे, म्हणजे पुण्या-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेते आणि दौंड ओलांडून उजनीच्या जलाशयात पसरते. १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणाने दुष्काळी मुलखात समुद्राचा देखावा उभा केला. हिवाळ्यात तिबेटकडील सरोवरांवरून तपकिरी डोक्याचे कुरव येथे उतरतात; रोहितांचे थवे उथळ पाण्यात चोची बुडवून चरतात. दुर्बिणी घेऊन शहरातील मंडळी भिगवणला लोटतात. पक्षिनिरीक्षण हा सवडवंतांचा छंद, असे म्हणून त्याकडे पाठ फिरविणे पुरोगाम्यांना शोभणारे नाही. कारण त्या दुर्बिणीतून जे दिसते, तेच राजकारण आहे.

वैशाखात कुरव परतलेले असतात, गर्दीही ओसरते. मागे उरतो तो नदी सुरय. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा हा पक्षी घरटे बांधत नाही. नदीच्या उघड्या वाळूत उथळ खळगा करून त्यात अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूचाच. ऐन दुपारी वाळू भाजते, तेव्हा त्या अंड्यांवर सावली धरून बसणे हाच नर-मादीचा दिवसभराचा उद्योग असतो. जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आज त्याचे नाव आहे. आणि नेमक्या याच महिन्यांत, पाणी उतरले म्हणून, भीमेच्या पात्रात यांत्रिक बोटी आणि पोकलेन उतरतात. पाणी आटून बेट काठाला जोडले गेले की कुत्री घरट्यांपर्यंत पोहोचतात, हे खरे. पण वाळूचे बेटच उपसून ट्रकमध्ये भरणारे कुत्रे कोणी पाहिले आहे काय?

तरीही पक्ष्यांच्या कैवाराची भाषा निघते, तेव्हा बोट रोखले जाते ते जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराकडे आणि उतरत्या पाण्यामागून गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याकडे. ज्यांची गावे याच पाण्याखाली गेली, त्यांच्याकडे! पाणी फार उतरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. लोक तेही पाहायला जातात आणि छायाचित्रे काढून परततात. ते गाव कोठे गेले, हे विचारण्याचे भान किती जणांना असते? विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. त्यातील आश्वासने मात्र गाळासारखी तळाशीच बसली. शिवाय भिगवणच्या पाहुण्यांना पक्ष्यांपर्यंत नेणारी नाव वल्हवतो तोही मच्छीमारच.

शासनाची तऱ्हा आणखी निराळी. २०२३ मध्ये लिलाव बंद करून सरकारी डेपोतून वाळू विकण्याचे धोरण आले. २०२५ मध्ये ते गुंडाळून लिलाव पुन्हा आणले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच लहान पट्ट्यांतील उपशालाही पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली होती. मंजुरी कागदावर मिळते, वीण मात्र पात्रात होते, आणि रात्री पात्रात कोण उतरते हे तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना ठाऊक असते. सुरयाची वीण संपेपर्यंत, म्हणजे मार्च ते जून, भीमेतील वाळूचे पट्टे संपूर्ण बंद ठेवा. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडणाऱ्या महापालिकांना आणि कारखान्यांना जबाबदार धरा. बेटांवरील घरट्यांच्या राखणीचे काम मजुरी देऊन मच्छीमारांच्याच सहकारी संस्थांकडे सोपवा. मग गाळपेर करणाऱ्याशी बोलायला या.