ईमेल कुणाचा, पासवर्ड कुणाकडे?

कळव्यात आमच्या शाळेत पालकसभा संपली की काही आया मोबाइल पुढे करतात. "टीचर, हा सहा आकडी पिन कसला मागतोय?" तो व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा. २०१७ साली ही सोय आली, तरी आपल्या पुष्कळ घरांत ती अजून बंदच आहे.

नंबर नव्या फोनवर चालू करताना एसएमएसने कोड येतो. ठग गोड बोलून तोच काढून घेतात आणि तुमच्या नावाने मामू-खालांकडे पैसे मागतात. पिन लावलेला असेल तर नुसत्या कोडवर त्यांचं भागत नाही. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. दोन मिनिटांचं काम.

पिन ठरवला की ईमेल विचारला जातो. इथे बहुतेक जणी पुढे सरकतात. पण पिन विसरला आणि ईमेल दिलेला नसला, तर सात दिवस थांबावं लागतं. ज्या घराचा माणूस दमामला आहे आणि त्याची खुशाली फक्त व्हॉट्सॲपवरच येते, त्या घराला हे सात दिवस जड जातात. ईमेल असला तर त्यावरून पिन बदलता येतो.

आता तो ईमेल कुणाचा? फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने जीमेल उघडून दिला, पासवर्डही त्यानेच ठरवला. फोन हातात आहे तोवर मेल दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लोकलच्या गर्दीत फोन गेला की कळतं. शिवाय पासवर्ड ज्याला ठाऊक, तो आपला पिनही बदलू शकतो.

म्हणून ईमेल टाकल्यावर पडताळणीचा कोड येईल, तो मुलीच्या किंवा नणंदेच्या फोनवर, आपला पासवर्ड टाकून वाचून बघा. मेल उघडला नाही, तर आधी पासवर्ड बदला. गूगल खात्यात रिकव्हरीसाठी कुणाचा नंबर आहे, तोही पाहा. काम झालं की त्या फोनवरून लॉगआउट करा.

"कोड कुणाला देऊ नका म्हणता, मग हा का टाकायचा?" एकीने विचारलं. चांगलं विचारलं. आपण मागवलेला कोड आपल्याच स्क्रीनवर टाकायचा. दुसऱ्याने मागितला तर सख्ख्या भावाच्या नंबरवरून मेसेज आला तरी द्यायचा नाही. त्याचंच खातं चोरीला गेलेलं असू शकतं.

खातं गेलंच तर आपला नंबर टाकून एसएमएसचा कोड भरा. चोराने स्वतःचा पिन लावला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावं लागेल, पण तो त्याच क्षणी बाहेर पडतो. कुणी पैसे पाठवले असतील, तर त्यांना लगेच १९३० वर फोन करायला सांगा.